चौदा माणसं, एक सर्व्हर: रिमोट डेस्कटॉपच्या परवान्यांचा पूर्ण हिशेब

छोट्या व्यवसायात रिमोट डेस्कटॉपचा, म्हणजे दूरच्या संगणकाचा पडदा आपल्यासमोर आणून काम करण्याचा, विषय निघाला की पहिला प्रश्न येतो, "सॉफ्टवेअर कोणतं घ्यायचं?" आधी विचारायला हवा तो प्रश्न वेगळा आहे: सर्व्हरवर नेमकी किती माणसं आणि किती यंत्रं जाणार, आणि त्यातल्या कोणाला खरोखर रिमोट डेस्कटॉप लागतो? ही मोजणी नीट झाली की सॉफ्टवेअर जवळजवळ आपोआप ठरतं. मोजणी चुकली तर कितीही चांगलं सॉफ्टवेअर घ्या, एक तर पैसे वाया जातात, नाही तर परवान्यांच्या तपासणीत मान खाली घालायची वेळ येते. ही मोजणी कशी करायची आणि त्यातून निर्णय कसे निघतात, ते खालच्या उदाहरणात क्रमाने मांडलं आहे. संस्था नमुन्यादाखल घेतली आहे. नियम आणि मर्यादा खऱ्या आहेत.

परिस्थिती

घाऊक व्यापार करणारी ही संस्था २० माणसांची आहे. कार्यालयात ९ जण, प्रत्येकाचा स्वतःचा संगणक. त्यातले ४ जण आठवड्यातले काही दिवस घरून काम करतात. विक्रीवर ३ जण फिरतीवर असतात, त्यांच्याकडे लॅपटॉप आणि फोन. एक मालक, त्यांच्याकडे लॅपटॉप आणि टॅबलेट. बाहेरचा एक लेखापरीक्षक वर्षातून काही आठवडे हिशेब तपासतो. आणि गोदामात ६ जण दोन पाळ्यांत २ संगणकांवर मालाची नोंद करतात.

लेखा आणि साठ्याचं सॉफ्टवेअर फाइलवर चालणारं आहे. म्हणजे डेटाबेस सर्व्हर वेगळा नाही, सगळा डेटा एका सामायिक फोल्डरमध्ये आणि प्रत्येक संगणक तो फोल्डर थेट उघडतो. कार्यालयातल्या नेटवर्कवर हे सुरळीत चालतं. घरून मात्र व्हीपीएन (इंटरनेटवरून कार्यालयाच्या नेटवर्कला जोडणारा सुरक्षित मार्ग) जोडून तेच सॉफ्टवेअर उघडलं की खातेवही उघडायला मिनिटं लागतात, आणि मधेच इंटरनेट तुटलं तर इंडेक्स फाइल (नोंदी शोधण्याची सूची) बिघडते. मग कोणीतरी डेटा दुरुस्तीचा पर्याय चालवतो आणि तोवर सगळ्यांना बाहेर पडावं लागतं.

इथे लोक हमखास इंटरनेटचा वेग वाढवून घेतात. त्याने फार फरक पडत नाही, कारण दोष वेगाचा नाही. फाइलवर चालणारं सॉफ्टवेअर एक यादी दाखवण्यासाठी सर्व्हरकडे शेकडो छोट्या विचारणा करतं: हा तुकडा दे, आता पुढचा दे, ही नोंद माझ्यासाठी कुलूपबंद कर. प्रत्येक विचारणेचं उत्तर आल्याशिवाय पुढची निघत नाही. कार्यालयात ही फेरी एका मिलिसेकंदाच्याही आत होते. घरून ती ४० मिलिसेकंदांची झाली, तर ५०० फेऱ्यांना २० सेकंद फक्त वाट पाहण्यात जातात, मग लाइन कितीही रुंद असो. रिमोट डेस्कटॉपमध्ये सॉफ्टवेअर आणि डेटा एकाच ठिकाणी राहतात. लाइनीवरून जातात ती पडद्याची चित्रं, कळांचे ठोके आणि माउसची हालचाल. इंटरनेट तुटलं तरी सर्व्हरवरचं सेशन (त्या माणसाचं उघडलेलं काम) जिवंत राहतं आणि पुन्हा जोडलं की अर्धवट पावती जशीच्या तशी समोर असते. या संस्थेचा प्रश्न नेमका हाच असल्यामुळे रिमोट डेस्कटॉप हे योग्य औषध आहे.

कोणते पर्याय तपासले

सगळ्यात साधा पर्याय म्हणजे ज्याच्या कार्यालयात संगणक आहे त्याने व्हीपीएन जोडून घरून त्याच संगणकावर जायचं. विंडोज ११ प्रोमध्ये ही सोय आहेच आणि यासाठी आरडीएस कॅल (सर्व्हरच्या रिमोट डेस्कटॉप सेवेसाठी माणसागणिक किंवा यंत्रागणिक लागणारा परवाना) लागत नाही. फक्त घरून काम करणाऱ्या ४ जणांचा प्रश्न असता तर इथेच थांबणं शहाणपणाचं होतं, आणि अनेक छोट्या संस्थांनी खरंच इथे थांबावं. या संस्थेत ते पुरत नाही, कारण विक्रीवरच्या तिघांना आणि लेखापरीक्षकाला कार्यालयात संगणकच नाही. शिवाय संगणक रात्री बंद झाला किंवा अपडेटनंतर अडकला, तर तो चालू करायला कोणीतरी जागेवर असावं लागतं.

दुसरा पर्याय इंटरनेटवर फुकट मिळतो: साध्या विंडोजवर एक पॅच चढवायचा, की एकाच वेळी अनेक जण लॉगिन करू शकतात. हा सपशेल नाकारायचा. विंडोज १० किंवा ११च्या परवान्यात एका वेळी एकाच माणसाचं सेशन बसतं. पॅचने तांत्रिक कुलूप तोडता येतं, परवाना मिळत नाही. त्यात हा पॅच विंडोजच्या टर्मिनल सर्व्हिसच्या फाइलशी छेडछाड करतो, त्यामुळे एखाद्या मासिक अपडेटने ती फाइल बदलली की सकाळी कोणालाच आत जाता येत नाही. मग लोक अपडेटच बंद करून टाकतात आणि संस्थेचा सगळा हिशेब असलेलं यंत्र उघडं पडतं.

तिसरा पर्याय जास्त फसवा आहे, कारण तो विकत मिळतो आणि त्याचं बिलही मिळतं. विंडोजवर टर्मिनल सर्व्हरचं, म्हणजे एकाच यंत्रावर अनेकांना दुरून बसू देण्याचं, काम करणारी इतर कंपन्यांची उत्पादनं बाजारात आहेत. त्यातली काही चांगली आहेत: ब्राउझरमधून लॉगिन, सोपी छपाई, एकेक प्रोग्रॅम स्वतंत्र खिडकीत उघडणं अशा सोयी त्यांत मिळतात. पण "आमचं सॉफ्टवेअर घेतलं की मायक्रोसॉफ्टचे कॅल लागत नाहीत" असं विक्रेता म्हणाला, तर ते लेखी मागावं. विंडोज सर्व्हरच्या परवान्यातली अट फक्त मायक्रोसॉफ्टच्या आरडीएसपुरती नाही. सर्व्हरवरचा ग्राफिकल पडदा दूरच्या माणसाला दाखवला, मग तो आरडीएसने असो वा दुसऱ्या कोणत्या तंत्राने, त्या माणसासाठी किंवा यंत्रासाठी आरडीएस कॅल लागतो. मधे एखादा गेटवे (प्रवेशद्वाराचं काम करणारं यंत्र) ठेवून सगळ्यांना एकाच खात्यातून आत सोडलं तरी मोजणी कमी होत नाही. पलीकडच्या टोकाला बसलेली माणसंच मोजली जातात. अपाची ग्वाकामोलीसारखा मुक्त स्रोताचा गेटवे स्वतः मोफत आहे, पण त्याच्या मागे विंडोज सर्व्हर असेल तर कॅल तेवढेच.

लिनक्सचा पर्याय प्रामाणिकपणे तपासावा. लिनक्सवर रिमोट डेस्कटॉप देणारं एक्सआरडीपी मोफत आहे. त्याच कामाचं थिनलिंक एकाच वेळी १० जणांपर्यंत विनाशुल्क वापरता येतं. काम ब्राउझर आणि लिब्रेऑफिसवर भागत असेल तर लिनक्स टर्मिनल सर्व्हर हा सगळ्यात स्वस्त आणि निरोगी मार्ग आहे. इथे लेखा सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालतं, म्हणून तो बाद.

राहिला क्लाउड. मायक्रोसॉफ्टच्या ॲझ्युअर व्हर्च्युअल डेस्कटॉपमध्ये विंडोज ११ एंटरप्राइझची मल्टि-सेशन (एका यंत्रावर अनेक जण बसू शकतील अशी) आवृत्ती मिळते आणि मायक्रोसॉफ्ट ३६५ बिझनेस प्रीमियमसारखी पात्र योजना असेल तर आरडीएस कॅल लागत नाही. यंत्र चालतं त्या वेळेचे पैसे वेगळे. इथे अडचण गोदामाची आहे. डेटा क्लाउडमध्ये गेला की गोदामातले २ संगणकही इंटरनेटवर अवलंबून होतात, आणि लाइन गेली की माल चढवणं थांबतं. गोदाम नसतं तर निर्णय कदाचित क्लाउडच्या बाजूने गेला असता.

म्हणून ठरलं ते असं: जागेवर एक सर्व्हर, विंडोज सर्व्हर स्टँडर्ड, त्यावर रिमोट डेस्कटॉप सेशन होस्ट, म्हणजे सगळ्यांची सेशन चालवणारी भूमिका.

मोजणी

विंडोजच्या बाबतीत तीन वेगळे परवाने एकावर एक बसतात आणि बहुतेक गोंधळ इथेच होतो. पहिला सर्व्हरचा. दुसरा विंडोज सर्व्हर कॅल, म्हणजे त्या सर्व्हरची कोणतीही सेवा वापरण्याचा हक्क. फोल्डर उघडला, डोमेनवर (संस्थेच्या सामायिक खात्यांच्या व्यवस्थेत) लॉगिन केलं तरी तो लागतो. तिसरा आरडीएस कॅल, म्हणजे सर्व्हरवर बसून काम करण्याचा हक्क. तिसरा घेतला म्हणून दुसरा सुटत नाही. कोटेशनमध्ये फक्त आरडीएस कॅल दिसले आणि साधे कॅल दिसले नाहीत, तर ते कोटेशन परत पाठवावं.

सर्व्हरचा परवाना प्रोसेसरच्या कोअरवर मोजतात. प्रत्येक प्रोसेसरला किमान ८ आणि प्रत्येक सर्व्हरला किमान १६ कोअर धरावे लागतात. म्हणजे १२ कोअरचा प्रोसेसर घेतला तरी १६चे पैसे, आणि २४ कोअरचा घेतला तर २४चे. या कामाला एक प्रोसेसर, १६ कोअर हा नेमका बसणारा आकार आहे. एवढ्या परवान्यावर स्टँडर्ड आवृत्ती दोन व्हर्च्युअल मशीन (एका यंत्रातली आभासी यंत्रं) चालवू देते. खालच्या, म्हणजे प्रत्यक्ष यंत्रावरच्या, विंडोजने मात्र त्या मशीन सांभाळण्यापलीकडे काही करायचं नाही. खालच्या विंडोजवरच फोल्डर शेअर केला की हक्क एका मशीनवर येतो. तिसरी मशीन हवी झाली तर सगळे १६ कोअर पुन्हा एकदा परवानाबद्ध करावे लागतात. म्हणून कामाची वाटणी दोन मशीनमध्येच बसवली: पहिलीवर डोमेन कंट्रोलर (खाती सांभाळणारा सर्व्हर), लेखा सॉफ्टवेअरचा फोल्डर आणि आरडी लायसन्सिंग (कॅल सांभाळणारा लायसन्स सर्व्हर), दुसरीवर फक्त सेशन होस्ट. सेशन होस्ट आणि डोमेन कंट्रोलर एकाच मशीनवर आणू नयेत. सामान्य माणसांना डोमेनच्या काळजात लॉगिन देणं म्हणजे एका चुकीच्या क्लिकवर सगळी खाती पणाला लावणं.

आता माणसं. युजर कॅल घेतला तर एक माणूस कितीही यंत्रांवरून येऊ शकतो. डिव्हाइस कॅल घेतला तर एका यंत्रावर कितीही माणसं बसू शकतात. आणि सगळ्यात जास्त वेळा चुकणारी गोष्ट ही, की एका वेळी किती जण आत आहेत याच्याशी यांतल्या कशाचाही संबंध नाही. "आमचे वीस जण आहेत, पण एका वेळी दहाच असतात, मग दहा घेऊ" हे गणित इथे चालत नाही.

सरसकट मोजलं तर २० माणसं. यंत्रं: कार्यालयात ९, घरचे ४, विक्रीचे ३ लॅपटॉप आणि ३ फोन, मालकांची २, लेखापरीक्षकाचा १ आणि गोदामाचे २, मिळून २४. पहिला कौल २० युजर कॅलकडे जातो. पण गोदामातले ६ जण २ संगणकांवर बसतात, त्यांच्यासाठी ६ युजर कॅल ही उधळपट्टी. मग १४ युजर आणि २ डिव्हाइस असे मिश्र घेता येतील का? साधे विंडोज सर्व्हर कॅल मिश्र घेता येतात. आरडीएसमध्ये अडचण अशी की सेशन होस्टला एकच मोड सांगावा लागतो, पर युजर किंवा पर डिव्हाइस. लायसन्स सर्व्हरवर दोन्ही प्रकार ठेवता येतात, पण एक होस्ट त्यातला एकच मागतो.

उत्तर परवान्यांच्या यादीत सापडत नाही, जागेच्या नकाशात सापडतं. गोदाम त्याच आवारात आहे, त्याच नेटवर्कवर. तिथले २ संगणक लेखा सॉफ्टवेअर थेट फोल्डरमधून चालवू शकतात, आजही तसंच चालवतात आणि त्यांना काही त्रास नाही. त्यांना रिमोट डेस्कटॉप लागतच नाही. म्हणजे त्यांना फक्त २ साधे डिव्हाइस कॅल. यात छपाईचाही फायदा आहे: मालाच्या चिठ्ठ्यांचा प्रिंटर थेट संगणकाला जोडलेला राहतो आणि सेशनमधून छपाई वळवण्याची कटकट टळते.

लेखापरीक्षकाचं काय? तो कर्मचारी नाही, पण सर्व्हरवर येतो, म्हणून त्यालाही परवाना लागतो. बाहेरच्या खूप माणसांसाठी एक्स्टर्नल कनेक्टर नावाचा वेगळा परवाना असतो. एका माणसासाठी साधा आणि आरडीएस अशी युजर कॅलची जोडी स्वस्त पडते. "तो आला की विक्रीवाल्याचा कॅल त्याला देऊ" हा मार्ग बंद आहे. कॅल एका माणसाकडून काढून दुसऱ्याला कायमचा देता येतो, रोज फिरवता येत नाही. दोन नेमणुकांमध्ये साधारणपणे ९० दिवस जावे लागतात. रजेवरच्या माणसाच्या जागी तात्पुरता माणूस आला तर तेवढ्यापुरती सवलत आहे, पण लेखापरीक्षक कोणाच्या जागी आलेला नाही.

अंतिम यादी: विंडोज सर्व्हर स्टँडर्ड १६ कोअर, विंडोज सर्व्हर कॅल १४ युजर आणि २ डिव्हाइस, आरडीएस युजर कॅल १४. सरसकट मोजणीच्या तुलनेत ६ आरडीएस कॅल आणि ४ साधे कॅल वाचले, तेही नियमाला धक्का न लावता.

आवृत्ती आणि खरेदी

कॅलची आवृत्ती सर्व्हरच्या बरोबरीची किंवा नवी असावी लागते. २०१९चे आरडीएस कॅल २०२२च्या सेशन होस्टवर चालत नाहीत. उलट दिशेने चालतात. लायसन्स सर्व्हरही कॅलच्या बरोबरीचा किंवा नवा हवा. कोणाकडे जुने कॅल पडून आहेत म्हणून जुना सर्व्हर बसवावा, असा मोह होतो. विंडोज सर्व्हर २०१६चा विस्तारित सपोर्ट जानेवारी २०२७मध्ये संपतो, २०१९चा जानेवारी २०२९मध्ये. २०२२चा मुख्य सपोर्ट ऑक्टोबर २०२६पर्यंत आहे आणि त्यावर मायक्रोसॉफ्ट ३६५ची ॲप्सही तेवढ्याच काळापर्यंत सपोर्टमध्ये राहतात. नवीन यंत्र घेताना २०२५ची आवृत्ती आणि २०२५चे कॅल हाच सरळ हिशेब.

आरडीएस कॅल कायमचे घेता येतात किंवा वर्गणीने. माणसं स्थिर असतील आणि पुढची पाच-सहा वर्षं सर्व्हर बदलायचा नसेल तर कायमचे बरे. वर्गणीत नवी आवृत्ती मिळत राहते. या संस्थेत कायमचे घेतले.

इंटरनेटवर अगदी थोडक्या पैशांत २५ किंवा ५० कॅलची "की" विकणारे पुष्कळ सापडतात. ती की चढते, सर्व्हर ती स्वीकारतो, हिरवी खूण दिसते. पण की म्हणजे परवाना नव्हे. परवाना म्हणजे करार क्रमांक, संस्थेच्या नावाचं बिल आणि पोर्टलवर दिसणारी नोंद. ओपन लायसन्स योजनेतली नवी खरेदी २०२२च्या सुरुवातीपासून बंद आहे. त्यामुळे आज कोणी "ओपन"चे नवे कॅल देऊ करत असेल, तर ते कुठून आले हे विचारलंच पाहिजे.

ऑफिस वापरायचं असेल तर आणखी एक अट. दुकानात मिळणारं साधं ऑफिस सेशन होस्टवर चालत नाही. मायक्रोसॉफ्ट ३६५ची ॲप्स चालतात, पण योजनेत शेअर्ड कॉम्प्युटर ॲक्टिव्हेशन (एकाच यंत्रावर अनेकांनी वापरण्याची सोय) हवं. बिझनेस स्टँडर्डमध्ये ते नाही, बिझनेस प्रीमियममध्ये आहे. १४पैकी ज्यांना सर्व्हरवर खरोखर एक्सेल लागतो तेवढ्यांनाच ती योजना द्यावी.

आणि लेखा सॉफ्टवेअरचा स्वतःचा परवाना वाचावा. पुष्कळ कंपन्यांच्या "मल्टि-युजर" परवान्यात फक्त स्थानिक नेटवर्क धरलेलं असतं आणि टर्मिनल सर्व्हरवर चालवायला वेगळी आवृत्ती लागते. हे सर्व्हर विकत घेण्याआधी, ईमेलवर, लेखी विचारून घ्यायचं.

यंत्र आणि मांडणी

सेशन होस्टला ८ व्हर्च्युअल प्रोसेसर आणि ४८ जीबी मेमरी दिली. लेखा सॉफ्टवेअर, एक्सेल आणि काही टॅब उघडलेला ब्राउझर धरला तर माणशी २.५ जीबी धरून चालावं. १४ जणांचे ३५, वर विंडोज आणि अँटिव्हायरसचे ६ ते ८, उरलेली मोकळीक. मेमरी खातो तो ब्राउझर, लेखा सॉफ्टवेअर नव्हे. पहिल्या मशीनला ८ जीबी, खालच्या विंडोजला ६. म्हणून यंत्रात ९६ जीबी घेतली, पुढे वाढायला जागा राहावी म्हणून. डिस्क दोन एसएसडी, आरसा पद्धतीने जोडलेल्या.

क्रम महत्त्वाचा आहे. आधी डोमेन. मग पहिल्या मशीनवर आरडी लायसन्सिंगची भूमिका, आरडी लायसन्सिंग मॅनेजरमधून सर्व्हर ॲक्टिव्हेट करणं आणि कॅल चढवणं. कॅल चढवताना खरेदीची योजना आणि प्रकार विचारला जातो. तिथे "पर युजर" नीट पाहून निवडावं. त्यानंतर दुसऱ्या मशीनवर सेशन होस्टची भूमिका. आणि लेखा सॉफ्टवेअर, ऑफिस हे सगळं या भूमिकेनंतरच बसवायचं, कंट्रोल पॅनेलमधल्या "इन्स्टॉल ॲप्लिकेशन ऑन रिमोट डेस्कटॉप" या मार्गाने. आधी बसवलं तर काही प्रोग्रॅम पहिल्या माणसाला चालतात आणि दुसऱ्याला रिकामी सेटिंग दाखवतात.

मग ग्रुप पॉलिसीत (डोमेनमधल्या यंत्रांची सेटिंग एका जागेवरून ठरवणारी सोय) कॉम्प्युटर कॉन्फिगरेशन, ॲडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेट्स, विंडोज कंपोनंट्स, रिमोट डेस्कटॉप सर्व्हिसेस, रिमोट डेस्कटॉप सेशन होस्ट, लायसन्सिंग असं जायचं. तिथे दोन गोष्टी भरायच्या: लायसन्स सर्व्हरचं नाव आणि मोड. याच दोन ओळी विसरल्या जातात.

डोमेन कशाला, वर्कग्रुपवर (डोमेनविना जोडलेल्या यंत्रांवर) भागवू, असं कोणी म्हटलं तर ते युजर कॅलच्या बाबतीत चालत नाही. युजर कॅलची नोंद ॲक्टिव्ह डिरेक्टरीत, म्हणजे डोमेनच्या खात्यांच्या नोंदवहीत, होते. वर्कग्रुपमध्ये पर युजर मोड लावला तर २०१९पासूनच्या आवृत्त्यांत माणसाला पडद्यावर इशारा येतो की परवान्यात अडचण आहे आणि सेशन ६० मिनिटांत तुटेल, आणि ते खरोखर तुटतं. वर्कग्रुपच ठेवायचा असेल तर डिव्हाइस कॅल. इथे गोदामाचे २ संगणक वगळून ते २२ लागले असते.

बाहेरून येण्यासाठी व्हीपीएन, दुसऱ्या टप्प्याच्या पडताळणीसह. राउटरवर रिमोट डेस्कटॉपचा ३३८९ पोर्ट उघडायचा नाही. तो बदलून ३३९० केल्याने काही साधत नाही; शोधणारे प्रोग्रॅम सगळे पोर्ट तपासतात. मे २०१९मध्ये उघड झालेली ब्लूकीप ही त्रुटी लॉगिनच्याही आधी लागू पडत होती, म्हणजे पासवर्ड कितीही अवघड असला तरी उपयोग नव्हता. आरडी गेटवे हा चांगला मार्ग आहे, पण त्याला तिसरी मशीन लागली असती आणि तिच्यासोबत आणखी १६ कोअरचा परवाना.

१२१वा दिवस

सेशन होस्टची भूमिका बसवल्यापासून १२० दिवस कोणताही आरडीएस कॅल नसला तरी सगळं चालतं. ही मुदत मदतीसाठी दिलेली आहे, आणि छोट्या व्यवसायात सगळ्यात जास्त घात तीच करते. चार महिने सर्व्हर नीट चालतो. बसवणारा माणूस बिल घेऊन गेलेला असतो. कॅल विकत घेतलेले असतात, लायसन्स सर्व्हरवर चढवलेलेही असतात. फक्त सेशन होस्टला ते कुठे आहेत हे कोणी सांगितलेलं नसतं. १२१व्या दिवशी सकाळी पहिला माणूस जोडायला जातो आणि समोर संदेश येतो की परवाना देणारा लायसन्स सर्व्हर उपलब्ध नसल्यामुळे सेशन तोडलं आहे. दहा मिनिटांत सगळ्यांचे फोन सुरू होतात.

अशा वेळी प्रशासकाने कनेक्शन प्रोग्रॅमला "/ॲडमिन" हा स्विच देऊन आत जायचं. प्रशासकीय कामासाठीची दोन सेशन कॅलशिवाय चालतात. आत इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ११२८ क्रमांकाची नोंद दिसते: मुदत संपली आणि कॅल असलेला लायसन्स सर्व्हर नोंदवलेला नाही. मग आरडी लायसन्सिंग डायग्नोझर (परवान्यांची जोडणी तपासणारं साधन) उघडायचं. त्यातल्या तीन गोष्टी वाचायच्या: मोड काय दिसतो, लायसन्स सर्व्हरचं नाव दिसतं का, आणि उपलब्ध परवान्यांचा आकडा. मोड "नॉट कॉन्फिगर्ड" असेल तर ग्रुप पॉलिसी पोचलेली नाही. नाव आहे पण सर्व्हरपर्यंत पोचता येत नाही असं म्हणत असेल तर फायरवॉल बघावी. लायसन्सिंगला १३५ पोर्ट आणि त्यावरचे बदलते आरपीसी पोर्ट लागतात. नाव बरोबर, सर्व्हर सापडतो, पण आकडा ० असेल तर बहुधा कॅल एका प्रकारचे आणि मोड दुसऱ्या प्रकारचा, किंवा कॅलची आवृत्ती होस्टपेक्षा जुनी.

रजिस्ट्रीतली ग्रेस पीरियडची नोंद पुसून १२० दिवस पुन्हा सुरू करायची युक्ती सगळीकडे लिहिलेली सापडते. परवाने असताना ती करायची गरज नाही, आणि परवाने नसताना ती करणं हे उल्लंघन आहे. चाचणीसाठी उतरवलेल्या विंडोज सर्व्हरची १८० दिवसांची मुदत ही वेगळीच गोष्ट; दोन्ही आकडे एकमेकांत मिसळून "अजून दोन महिने आहेत" असं समजणारे पुष्कळ भेटतात.

हे टाळायला सोपा नेम: पहिल्याच दिवशी डायग्नोझर उघडून तो एकही इशारा देत नाही हे बघायचं आणि त्या पडद्याचं चित्र कामाच्या कागदांत ठेवायचं. बसवणाऱ्याचं शेवटचं बिल या चित्रावर अडवून ठेवलं तरी हरकत नाही.

रोजच्या वापरात काय बिघडतं

फाइलवर चालणाऱ्या सॉफ्टवेअरसोबत सेशनच्या वेळमर्यादा जपून लावाव्यात. लोक खिडकी बंद करतात आणि समजतात की आपण बाहेर पडलो. सेशन मात्र चालू राहतं आणि डेटा फाइल उघडी धरून ठेवतं. रात्रीचा बॅकअप त्या फाइलवर अडतो. याला उत्तर म्हणून कोणी १५ मिनिटांत सेशन संपवायची मर्यादा लावतो, आणि मग अर्धवट नोंदीवर सेशन जबरदस्तीने संपून तीच इंडेक्स फाइल बिघडते जिच्यासाठी हा सगळा खटाटोप केला. इथे लावलं ते असं: निष्क्रिय सेशन १ तासाने फक्त तुटतं, तुटलेलं सेशन ३ तासांनी संपतं, आणि बॅकअप रात्री १ वाजता. रात्री ९नंतर कोणी काम करत नाही, म्हणून बॅकअपपर्यंत फाइल मोकळी होते.

घरच्या प्रिंटरसाठी ईझी प्रिंट (सर्व्हरवर वेगळा ड्रायव्हर न लागणारी छपाईची सोय) वापरावं आणि प्रत्येकाच्या प्रिंटरचे ड्रायव्हर सर्व्हरवर चढवू नयेत. एका स्वस्त प्रिंटरचा बिघडलेला ड्रायव्हर स्पूलर (छपाईची रांग सांभाळणारी सेवा) पाडतो आणि सगळ्यांची छपाई थांबते.

पर युजर कॅलचा अहवाल लायसन्सिंग मॅनेजरमधून काढता येतो. पहिल्या अहवालात बहुधा आकडा जास्त दिसतो, इथे समजा १७. घाबरण्याआधी नावं वाचावीत: एक चाचणीचं खातं, एक प्रशासकाचं जे "/ॲडमिन" न देता आत गेलं, आणि एक नोकरी सोडून गेलेल्याचं. तांत्रिकदृष्ट्या सर्व्हर पंधराव्या माणसाला अडवत नाही. युजर कॅलमध्ये ती राखण आपणच करायची असते. म्हणून एक साधं वहीपान ठेवावं: करार क्रमांक, आवृत्ती, संख्या, आणि प्रत्येक कॅलपुढे माणसाचं नाव आणि नेमल्याची तारीख. विक्रीवरचा एक जण सोडून गेला की त्या ओळीवर रेघ मारून खाली नव्या माणसाचं नाव लिहायचं, जुनं खातं त्याच दिवशी बंद करायचं आणि रिमोट डेस्कटॉप युजर्स गटातून काढायचं.

पहिली मशीन पुन्हा उभारायची वेळ आली तर कॅल हरवत नाहीत, पण आपोआप परतही येत नाहीत. लायसन्सिंग मॅनेजरमधल्या "मॅनेज आरडीएस कॅल्स" या मार्गाने ते नव्या सर्व्हरवर आणावे लागतात आणि तिथे करार क्रमांक पुन्हा विचारला जातो. वहीपान फक्त त्याच सर्व्हरवरच्या फोल्डरमध्ये ठेवलं असेल तर तो क्रमांक शोधायला पुरवठादाराच्या दारात जावं लागतं. म्हणून त्याची एक छापील प्रत बिलांच्या फाइलमध्ये.

गोदाम पुढे दुसऱ्या आवारात हललं तर मात्र मोजणी पुन्हा करावी लागेल. तिथले २ संगणक मग थेट फोल्डर उघडू शकणार नाहीत आणि ६ माणसं सेशन होस्टवर येतील. तेव्हा ६ आरडीएस युजर कॅल घ्यायचे, की गोदामासाठी पर डिव्हाइस मोडचा वेगळा छोटा होस्ट उभा करून २ आरडीएस डिव्हाइस कॅल घ्यायचे, असा प्रश्न येईल. दुसऱ्या मार्गात तिसरी मशीन आली, म्हणजे १६ कोअरचा आणखी एक परवाना आला. सहा माणसांसाठी पहिला मार्ग सहसा स्वस्त पडतो. दोन संगणकांवर तीस माणसं बसायला लागली तर दुसरा.